घरांतील राउटर : कंपनीचा कीं स्वतःचा?

घरांत वीज घेतांना मीटर कोणाचा आणि दिवे कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. मीटर वीजकंपनीचा, त्यावर तिची मोहोर असते आणि त्यास आपण हात लावीत नाहीं. मीटरच्या अलीकडील तारा, बटणें, दिवे, पंखे हें सारें आपलें. दिवा कोणता घ्यावा, कोठें टांगावा आणि केव्हां मालवावा, हें ठरविण्यास कंपनीचा माणूस आपल्या माजघरांत येत नाहीं. ही वांटणी इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कधीं काळीं कोणास ठरवावी लागली असेल असें आपल्या मनांतहि येत नाहीं.

इंटरनेटच्या बाबतींत मात्र ही वांटणी अद्याप नीट झालेली नाहीं. कंपनीचा माणूस येतो, भिंतीस भोंक पाडून बारीकशी वायर आंत घेतो, एक पेटी खिळ्यास अडकवितो, घरमालकाचा मोबाईल नंबर हाच पासवर्ड म्हणून टाकून देतो आणि सही घेऊन निघून जातो. त्या एका पेटींत मीटरहि असतो आणि दिवेहि असतात. पेटी कंपनीची; अर्थात् दिव्यांचीं बटणेंहि कंपनीच्याच हातीं राहिलीं. २०२० सालच्या मार्चपासून शाळा बंद पडल्या, वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरूं लागले, आणि तेव्हांपासून आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं अशा पेट्या आल्या. त्यांचे पालक आम्हांस अधूनमधून विचारतात कीं, ही कंपनीची पेटीच चालूं द्यावी, कीं बाजारांतून स्वतःचा राउटर आणावा? प्रश्न चार पैशांचा दिसतो. पण तो तेवढाच नाहीं. मुलांचा अभ्यास, वडिलांचा बँकेचा व्यवहार, परगांवच्या आप्तांशीं होणारें बोलणें, हें सर्व या एका दारांतून जातें. त्या दाराची किल्ली कोणाच्या हातीं असावी, असा हा प्रश्न आहे. म्हणून त्याचें थोडें सविस्तर विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या पेटींत आहे तरी काय, तें पाहूं. भिंतींतून आलेल्या वायरच्या पोटांत काचेचा एक तंतु असतो. त्याच्या ज्या गाभ्यांतून प्रकाश वाहतो त्याची जाडी सुमारें ९ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा जवळजवळ दहावा हिस्सा. या तंतूंतून वीज येत नाहीं. प्रकाश येतो, आणि तोहि डोळ्यांस न दिसणारा. या प्रकाशाचें विद्युत्-संकेतांत रूपांतर करणें, आणि आपले संकेत पुन्हां प्रकाशरूपानें परत पाठविणें, हें पेटीचें पहिलें काम होय. हें काम करणाऱ्या भागास ओ. एन. टी. अथवा ओ. एन. यू. म्हणतात, बसविणारे कामगार त्यास नुसतें मोडेमहि म्हणतात. दुसरें काम खऱ्या राउटरचें. कंपनीकडून घरास बहुधा एकच पत्ता मिळतो, आणि घरांत तर मोबाईल, संगणक, टेलिव्हिजन अशीं दहा उपकरणें असतात. वसतिगृहाच्या एकाच पत्त्यावर आलेलीं पत्रें तेथील कारकून ज्याप्रमाणें खोलीवार वांटतो, त्याप्रमाणें राउटर आलेला मजकूर ज्याचा त्यास नेऊन देतो. आणि ज्या पत्राची घरांतून कोणी वाट पाहत नव्हतें, तें आंत घेत नाहीं. तिसरें काम वायफायचें, म्हणजे हीच वांटणी तारेवांचून लहरींच्या द्वारें करण्याचें. कांहीं पेट्यांत टेलिफोनची सोय असते, तें चौथें.

या चार कामांपैकीं पहिलें काम आपल्या एकट्याच्या घरापुरतें नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. आपल्याकडे फार प्रचलित असलेल्या जीपॉन नांवाच्या पद्धतींत एकाच मुख्य तंतूला पुढें फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरें जोडलेलीं असतात. त्या सर्वांकडे मिळून दर सेकंदास सुमारें अडीच गिगाबिट मजकूर येतो आणि सुमारें सव्वा गिगाबिट परत जातो. येणारा मजकूर सर्वच घरांच्या पेट्यांपर्यंत पोंचतो, परंतु तो कुलूपबंद असल्यामुळें प्रत्येक पेटी आपल्या नांवाचा तेवढाच उघडूं शकते. परत जाण्याच्या वेळीं मात्र सर्वांना एकच वाट. म्हणून कंपनीचें मुख्य यंत्र प्रत्येक पेटीस बोलण्याची वेळ नेमून देतें, आणि ही वेळ सेकंदाच्या अगदीं सूक्ष्म अंशांत मोजलेली असते. वर्गांत शिक्षक ज्याचें नांव घेतील त्यानेंच उत्तर द्यावें, असा हा नियम आहे. एखाद्या पेटींत बिघाड होऊन ती आपली पाळी नसतां प्रकाश फेंकूं लागली, तर त्या फांट्यावरील सर्व शेजाऱ्यांचें इंटरनेट एकदम बसतें. आणि दोष कोणाच्या घरीं आहे तें शोधण्यास कंपनीच्या माणसांना दारोदार फिरावें लागतें. तेव्हां तंतूच्या टोकाशीं असलेलें हें यंत्र आपल्या पसंतीचें व आपल्या यादींत नोंदलेलें असावें, असा कंपनीनें आग्रह धरला तर तो आम्हांस गैरवाजवी वाटत नाहीं. हा मीटर होय.

या संबंधांत विद्यार्थ्यांस एक ताकीद देणें अवश्य आहे. त्या यंत्रांत शिरणारें हिरव्या टोकाचें जोडणें कुतूहलानें ओढून काढूं नये व त्याच्या तोंडाकडे डोळा लावून पाहूं नये. प्रकाश दिसत नाहीं म्हणून तो नाहींच, असें होत नाहीं. शिवाय गाभा इतका बारीक असतो कीं, टोंकावर बसलेला धुळीचा एक कणहि त्याची वाट अडवूं शकतो. आणि ही वायर कपाटामागें काटकोनांत दुमडली, तर प्रकाश त्या वळणावरच गळून जातो.

राउटर आणि वायफाय हीं दोन कामें मात्र सर्वस्वी आपल्या घरांतलीं आहेत. तेथें शेजाऱ्याचा संबंध नाहीं. मग तेथें मालकी कोणाची असावी? हा वाद इंटरनेटच्याहि पूर्वीचा आहे. अमेरिकेंत टेलिफोनच्या तारा, यंत्रणा आणि घरांतील फोनहि बहुतांशीं एकाच बड्या कंपनीचे असत, आणि तिच्या फोनला परकी वस्तु जोडण्यास सक्त मनाई होती. ही मनाई किती थरास गेली होती पाहा! हश-ए-फोन नांवाचें एक साधें पेल्यासारखें झांकण निघालें होतें. तें फोनच्या तोंडाशीं बसविलें म्हणजे बोलणाराचें बोलणें शेजारच्या माणसास ऐकूं जात नसे. त्यांत ना तार, ना वीज. तरीहि कंपनीनें त्यास हरकत घेतली. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९५६ सालीं निकाल झांकणाच्या बाजूनें लागला. पुढें टेक्सास प्रांतांतील थॉमस कार्टर नांवाच्या गृहस्थांनीं रानांत काम करणाऱ्यांचा रेडिओ टेलिफोनशीं जोडून देणारें एक उपकरण काढलें. त्यावरून पुन्हां तोच झगडा झाला. आणि १९६८ सालीं तेथील सरकारी दळणवळण आयोगानें असें ठरविलें कीं, ज्यापासून कंपनीच्या यंत्रणेस अपाय होत नाहीं असें कोणतेंहि उपकरण ग्राहकानें स्वतःचें जोडावें. निरोप टिपून ठेवणारीं यंत्रें, फॅक्स आणि मोडेम या वस्तु सामान्य माणसाच्या घरांत आल्या त्या या उघडलेल्या वाटेनें. इंटरनेट घरोघर पोंचण्यास अशा निकालाचा किती हातभार लागला, याचा विचार फार थोडे लोक करतात.

युरोपांत हाच प्रश्न राउटरच्या नांवानें निघाला. जर्मनींत कित्येक कंपन्या जोडणीचें नांव व परवलीचा शब्द ग्राहकास सांगतच नसत. त्यामुळें त्यांचीच पेटी वापरणें भाग पडे. या सक्तीविरुद्ध लोकांनीं तक्रारी केल्या, आणि १ ऑगस्ट २०१६ पासून तेथें नवा कायदा लागू झाला. कंपनीची हद्द भिंतीवरील जोडणीच्या खोबणीपाशीं संपते, पुढचें यंत्र ग्राहकाच्या मर्जीचें, आणि जोडणीस लागणारी माहिती कंपनीनें न मागतां दिली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्यास आम्हीं वर मीटर म्हटलें, तोहि जर्मनीनें ग्राहकाच्या पसंतीवर सोडला. आम्हांस इतक्या दूर जाण्याची गरज भासत नाहीं. पण जोडणीची माहिती ग्राहकाच्या हातीं असावी हा भाग आपल्याकडेहि मागण्यासारखा आहे. आज आपणांस तो कंपनीच्या अर्जावरील बारीक अक्षरांत शोधावा लागतो.

आतां किल्लीकडे वळूं. कंपनीच्या पेटीस बहुधा दोन दारें असतात. एक आपलें, जें आपण पासवर्ड घालून उघडतों. दुसरें कंपनीचें, त्यांतून ती आपल्या कचेरींत बसल्या बसल्या पेटीची तपासणी करते, तिच्यांत नवी प्रणाली घालते, व बिघाड झाल्यास दुरुस्तहि करते. यासाठीं टी. आर. ०६९ नांवाची पद्धत २००४ पासून जगभर चालत आली आहे. ही सोय वाईट नाहीं. ज्या घरांत या यंत्राकडे पाहणारें कोणी नाहीं, तेथें ती मोठीच उपकारक आहे. तथापि दार म्हटलें कीं, तें मालकाच्या माणसाखेरीज इतरांसहि दिसतें.

त्याच जर्मनींत, कायदा लागू होऊन चार महिने होत नाहींत तोंच, याचा प्रत्यय आला. २७ नोव्हेंबर २०१६ रोजीं रविवारीं डॉइश टेलिकॉम या कंपनीच्या सुमारें ९ लाख ग्राहकांचें इंटरनेट, टेलिफोन व टेलिव्हिजन विस्कळित झालें. कोणीतरी जगांतील लक्षावधि राउटरांचीं हीं मागचीं दारें एकामागून एक ठोठावीत सुटला होता. जर्मन पेट्यांचें कुलूप कांहीं तुटलें नाहीं, परंतु त्या ठोठावण्यानेंच त्या गोंधळून बंद पडल्या. आणि सर्व पेट्या एकाच घडणीच्या असल्यामुळें एकीला जें झालें तेंच सर्वांना झालें. या घटनेची दुसरीहि बाजू सांगितली पाहिजे. कंपनीनें एकदोन दिवसांतच सुधारलेली प्रणाली तयार करून ग्राहकांस पुरविली. पेटी बंद करून पुन्हां चालू केली कीं ती आपोआप आंत येई. तेच ९ लाख लोक आपापल्या राउटरचे मालक असते, तर त्यांतील कितीजणांनीं ही दुरुस्ती आठवडाभरांत करून घेतली असती, याची आम्हांस शंकाच वाटते.

आणि आपल्या घरचें उदाहरण घ्यावयाचें तर फार दूर जावयास नको. जुलै २०१७ मध्यें भारत संचार निगमाच्या हजारों ग्राहकांचे मोडेम एका उपद्रवी प्रणालीमुळें निकामी होऊन बसले. ज्या मोडेमांचा कारखान्यांतून आलेला मूळ पासवर्ड कोणी बदलला नव्हता, ते तिला सांपडले. आणि निगमास लोकांना पासवर्ड बदलण्याची विनंती करावी लागली. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, मोडेम कोणी भाड्यानें घेतला होता कीं विकत, याची चौकशी त्या उपद्रवानें केली नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं मिराई नांवाच्या प्रणालीनें जगांत धुमाकूळ घातला होता. तिच्यापाशीं कारखान्याच्या साठएक ठराविक नांवांची व पासवर्डांची एक यादी होती, एवढेंच काय तें तिचें शस्त्र! तेवढ्यावर तिनें लक्षावधि कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. ज्यांच्या घरचीं हीं यंत्रें होतीं त्यांस आपल्या घरांतून परक्यावर हल्ला होत आहे याचा गंधहि नव्हता. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड घालून तीं विकण्यास कायद्यानें बंदी झाली आहे, ती अशाच अनुभवांमुळें.

स्वतः विकत घेतलेला राउटर सुरक्षित, अशीहि कोणी समजूत करून घेऊं नये. मे २०१८ मध्यें व्हीपीएनफिल्टर नांवाची एक प्रणाली उघडकीस आली. तिनें ५४ देशांतील निदान ५ लाख यंत्रांत शिरकाव केला होता, आणि तीं बहुतेक दुकानांत मिळणाऱ्या नामांकित छापांचीं, लोकांनीं स्वतः आणलेलीं होतीं. अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्यानें त्या वेळीं लोकांस आपापले राउटर एकदां बंद करून पुन्हां चालू करण्याचा सल्ला दिला होता. तात्पर्य, मालकी बदलल्यानें धोका जात नाहीं. धोक्याची काळजी वाहणारा माणूस तेवढा बदलतो. कंपनीची पेटी ठेविली तर तें काम कंपनी करील, अशी आपण आशा करावयाची. स्वतःचा राउटर आणला तर तें आपण करावयाचें. आमच्या मतें सर्व निर्णय याच गोष्टीवर अवलंबून असला पाहिजे.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर करावा. स्वतःचा राउटर लाविला म्हणजे आपण कोठें काय पाहतों तें कंपनीस कळत नाहीं, असें दुकानदार सांगतात. हें खरें नव्हे. पत्र कोणत्या पेटींत टाकलें यानें टपालखात्यास पाकिटावरील पत्ता दिसावयाचा राहत नाहीं. आजकाल बहुतेक मजकूर कुलूपबंद जातो, म्हणून पाकिटाच्या आंतलें कंपनीस वाचतां येत नाहीं. पण पत्र कोणाकडे चाललें हें पुष्कळ अंशीं दिसतेंच. स्वतःच्या राउटरमुळें साधतें तें निराळें. घराच्या आंतील व्यवस्था, म्हणजे कोणतीं उपकरणें जोडलेलीं आहेत, वायफायचा पासवर्ड काय, मुलांच्या मोबाईलवर रात्रीं किती वाजतां इंटरनेट बंद व्हावें, पाहुण्यांसाठीं निराळें वायफाय ठेवावें कीं नाहीं, ही आपल्या हातीं राहते. कंपनीच्या पेट्यांत यांपैकीं कांहीं सोयी असतात, कांहींवर कंपनीनेंच कुलूप घातलेलें असतें. आणि जोडणीची कंपनी बदलली तरी आपली घडी मोडत नाहीं. तोच राउटर, तेंच वायफायचें नांव, नव्या मीटरला जोडलें कीं झालें.

पैशांचा हिशेब सोपा आहे. कंपनीची पेटी फुकट म्हणून मिळते ती कधीं सहामाही अथवा वार्षिक वर्गणी आगाऊ भरल्यावर, कधीं अनामत ठेविल्यावर, आणि कधीं महिन्याच्या भाड्यानें. समजा भाडें महिना १०० रुपये आहे. तर तीन वर्षांत ३,६०० रुपये होतात, आणि शेवटीं पेटी परत द्यावी लागते. तेवढ्यांत साधारण कुटुंबास पुरेसा राउटर येतो. भाडें नसेल व अनामत परत मिळणार असेल, तर केवळ पैशांसाठीं नवा राउटर घेण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत तर ग्राहकाचा स्वतःचा राउटर असतांहि त्याच्या बिलांत कंपनीच्या राउटरचें भाडें धरीत, असें कांहीं ठिकाणीं चालत असे. २०१९ सालीं केलेल्या कायद्यानें २०२० च्या डिसेंबरपासून तें बंद करावें लागलें. बिल वाचण्याची संवय कोणत्याहि देशांत उपयोगी पडते!

पुष्कळ पालक नव्या राउटरचा विचार करतात तो मात्र यांपैकीं कोणत्याच कारणासाठीं नव्हे, तर मागच्या खोलींत वायफाय पोंचत नाहीं म्हणून. त्यांस आमची विनंति आहे कीं, पैसे खर्चण्यापूर्वीं पेटी कोठें टांगली आहे तें पाहावें. कामगाराला वायर जेथून आंत घेणें सोपें, तेथें तो पेटी टांगतो; म्हणजे बहुधा दरवाज्याच्या कोंपऱ्यांत, किंवा टेलिव्हिजनच्या मागें. घरगुती वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात : २.४ गिगाहर्ट्झच्या, ज्यांची लांबी सुमारें साडेबारा सेंटीमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झच्या, ज्यांची लांबी सुमारें सहा सेंटीमीटर. पहिल्या भिंतीपलीकडे बऱ्या पोंचतात पण त्यांच्या वाटेवर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धां त्याच पट्ट्यांत काम करतो. दुसऱ्या वेगवान, पण भिंतीस लवकर थकणाऱ्या. देशावरच्या जुन्या वाड्याच्या काळ्या दगडाच्या भिंती किंवा कोंकण-गोव्याच्या घरांतील चिऱ्याच्या जाड भिंती त्यांना फार जड जातात. पोलादी कपाट आणि मोठा आरसा यांच्या पलीकडे तर त्या जवळजवळ जातच नाहींत. पेटी घराच्या मध्यभागीं, उंचावर, उघड्या जागीं आणली तर कित्येकदां सर्व तक्रार मिटते. ती हलवितां येत नसेल, तर तेथून एक साधी तार मधल्या खोलीपर्यंत न्यावी व तेथें स्वतःचा राउटर ठेवावा. मीटर दारापाशीं आणि दिवा खोलींत, ही मूळची वांटणी अशी आपोआपच साधते.

ही रचना करावयाची झाल्यास कंपनीस आधीं तीन गोष्टी विचाराव्या. आपली पेटी नुसती मीटरचें काम करील अशी, म्हणजे ब्रिज मोडवर, ठेवून मिळेल काय? जोडणीस नांव व पासवर्ड लागत असल्यास तो आम्हांस द्याल काय? आणि टेलिफोन व टेलिव्हिजन तुमच्याच पेटीवर असल्यास ते चालू राहतील काय? तिसरा प्रश्न विसरूं नये. ब्रिज केल्यावर घरचा फोन मुका झाल्याच्या तक्रारी पुष्कळ असतात. कंपनीनें ब्रिज देण्यास नकार दिला तरी निराश होण्याचें कारण नाहीं. कंपनीची पेटी आहे तशी ठेवून तिचें वायफाय बंद करावें, आणि तिच्यामागें आपला राउटर तारेनें जोडावा. यांत पत्रें दोनदां वांटलीं जातात, एकदां कंपनीच्या कारकुनाकडून व एकदां आपल्या. अभ्यास, बँक, चित्रपट यांस त्यानें कांहीं बाधा येत नाहीं. बाहेरगांवाहून घरचा कॅमेरा पाहणें किंवा कांहीं खेळ खेळणें यांत मात्र अडचण येऊं शकते.

राउटर निवडतांना दुकानदार त्याच्या कांड्या मोजून दाखवील. त्यांकडे फारसें लक्ष देऊं नये. त्याच्या मागील खोबणी गिगाबिटच्या आहेत कीं केवळ १०० मेगाबिटच्या, हें विचारावें. कारण जोडणी २०० मेगाबिटची घेतली आणि खोबण १०० ची असली, तर निम्मे पैसे भिंतींतच राहतात. दोन्ही पट्टे व डब्ल्यूपीए-३ हें नवें कुलूप असावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ज्या कारखान्याचा तो आहे, तो आपल्या जुन्या राउटरांस सुधारलेली प्रणाली किती वर्षें पुरवितो व ती आपोआप आंत येते कीं नाहीं, हें पाहून मगच खरेदी करावी. घरीं आणल्यावर राउटरचा स्वतःचा पासवर्ड व वायफायचा पासवर्ड असे दोन्ही बदलावे. ते एक नसावेत, आणि त्यांत मोबाईल नंबर तर मुळींच नसावा, कारण तो अर्ध्या गांवास ठाऊक असतो. आपल्या वायफायवरून परक्यानें कांहीं आगळीक केली, तर चौकशी प्रथम जोडणी ज्याच्या नांवानें आहे त्याच्या दारीं येते. विजेची चिंता करूं नये. दहा वॅट खाणारें यंत्र अहोरात्र चाललें तरी महिन्यास सुमारें सात युनिट होतात. भारनियमनाच्या गांवीं मात्र मीटर आणि राउटर या दोहोंसहि लहान बॅटरीचा आधार पाहिजे. एकासच दिला तर दुसरा झोंपतो.

एवढें सांगितल्यावर आमचें मत विचाराल तर, तें असें आहे. घरांत कोणीतरी, आणि तो आमचा नववी-दहावींतला विद्यार्थी कां असेना, महिन्यांतून एकदां राउटरच्या पानावर जाऊन नवी प्रणाली आली आहे काय व अनोळखी उपकरण जोडलें आहे काय हें पाहावयास तयार असेल, तर मीटर कंपनीचा व राउटर स्वतःचा ही वांटणी उत्तम. अशा घरीं ती मुलाच्या शिक्षणाचाहि एक भाग होईल. मात्र पासवर्ड आईवडिलांपाशींहि लिहून असावा, नाहींतर किल्ली कंपनीकडून निघून मुलाच्या खिशांत गेली एवढेंच होईल. ज्या घरीं वृद्ध आईवडील दोघेच राहतात व मुलें पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं आहेत, तेथें कंपनीची पेटीच राहूं द्यावी. बिघडल्यावर एक फोन केला असतां माणूस यावा, आणि "हा राउटर आमचा नव्हे" असें सांगून त्यानें परत जाऊं नये, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीनें सर्व स्वातंत्र्याहून मोलाची आहे. दोन पेट्या असल्या म्हणजे दोष कोणाचा यावर वाद होतो, हें आम्हीं आमच्या परिचयाच्या घरांतून अनेकदां पाहिलें आहे. अशा वेळीं स्वतःचा राउटर काढून संगणक तारेनें थेट कंपनीच्या पेटीस जोडून पाहावा. ब्रिजवर असल्यास जोडणीचें नांव व पासवर्ड तेवढा संगणकांत घालावा लागतो. तरीहि इंटरनेट येत नसेल, तर दोष कंपनीकडे आहे हें तिच्या माणसासहि मान्य करावें लागतें.

कंपनीची पेटी परत देण्याचा प्रसंग आला, तर ती देण्यापूर्वीं मागील बारीक छिद्रांतील कळ टाचणीनें दहाएक सेकंद दाबून धरावी. म्हणजे आंत साठविलेलें आपल्या वायफायचें नांव व पासवर्ड पुसले जातात. पेटीबरोबर मिळालेला विजेचा अडॅप्टर व तार परत द्यावी, पेटीच्या तळाशीं छापलेला अनुक्रमांक आपल्या वहींत लिहून घ्यावा, आणि तोच क्रमांक लिहिलेली पावती हातांत पडेपर्यंत पेटी न्यावयास आलेल्या माणसास दाराबाहेर जाऊं देऊं नये. अनामत त्या पावतीवरच परत मिळते.